हाताला गुण नसलेला डॉक्टर

"आज अभिनय करायचा नाही," बायकोने वॉर्डाच्या दारातच बजावलं, "आणि मला आत नेईपर्यंत हलायचं नाही."

नटाने दोन्ही गोष्टी कबूल केल्या. पित्ताशयातल्या खड्यांचं हे ऑपरेशन दीड वर्ष लांबलं होतं. आधी त्याचं शूटिंग आडवं आलं, मग तिची भीती, मग पुन्हा शूटिंग; खरं तर तिन्ही वेळा भीतीच. गेल्या महिन्यात ती ओट्यापाशी पोट धरून खाली बसली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता टाळाल तर जिवावर बेतेल. साडेदहाची वेळ मिळाली होती.

पस्तीस वर्षांत नटाने काय काय केलं नव्हतं? सिनेमात तो न्यायाधीश होता, खिसेकापू होता, एकदा तर स्वतःचाच जुळा भाऊ होता. पण मालिका घराघरांत शिरल्या आणि त्याच्या वाट्याला डॉक्टर आला. तोही एकाच सीनपुरता. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर यायचं, मास्क खाली करायचा, चष्मा काढायचा आणि म्हणायचं, "आम्ही खूप प्रयत्न केले." पेशंट वाचणार असला तर नर्सच धावत येऊन सांगते, डॉक्टर मरणासाठी राखून ठेवतात.

शेजारच्या खाटेवर हर्नियासाठी आलेल्या एक आजी होत्या. बायकोनंतर त्यांचाच नंबर होता. त्यांनी नटाकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"सिस्टर, ह्या माणसाला इथं कुणी बोलावलं?"

"आजी, ते डॉक्टर नाहीत. नट आहेत. ह्यांचे मिस्टर."

"नट आहे ते कळतं मला. मी काय खुळी आहे? पण हा ज्या दारातून बाहेर आला, त्या घरात रडारड झाली, हे खोटं आहे का? हाताला गुणच नाही ह्याच्या. मी नाही जायची आत."

समोरच्या खाटेवरच्या बाईंनीही मान वळवली. "खरंच की. त्या मालिकेतल्या थोरल्या सुनेलाही ह्यांनीच घालवली."

"ती मालिका सोडून दुसरीकडे गेली हो," नट कळवळून म्हणाला. "मी काय करणार?"

सिस्टरनी त्याच्या कोपराला धरलं. "सर, तुम्ही जरा बाहेर बसता का? पाचच मिनिटं."

तो झुलत्या दारातून बाहेर आला. आपल्या माणसाच्या ऑपरेशनची वाट बघत बाकावर बसलेलं एक कुटुंब त्याला बघून उभंच राहिलं. त्यातल्या गृहस्थांनी भिंतीचा आधार घेतला. "गेले का अण्णा?"

"नाही हो. मला बाहेर काढलंय."

तोवर त्या गृहस्थांच्या बहिणीने डोळ्याला पदर लावला होता. सिस्टरनी दार उघडून पाहिलं आणि नटाला तसाच पुन्हा आत ओढला. आतल्यापेक्षा बाहेर जास्त नुकसान होत होतं.

पण आतही व्हायचं ते होऊन गेलं होतं. बायको खाटेवरून पाय खाली सोडून बसली होती.

"अहो, पुढच्या महिन्यात बघू या का? आता दुखत नाहीये तसं."

नटाने तिचा हात धरला. गार पडला होता. एवढा वेळ त्याला थोडं हसू येत होतं, ते गेलं.

"हे तुमच्यामुळे झालंय," सिस्टर हळूच म्हणाल्या, "तुम्हीच निस्तरा. ऑपरेशन छान झालं, असं एकदा नीट म्हणून दाखवा सगळ्यांना. म्हणजे मनातली अढी जाईल."

सोपं काम होतं. नट खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. नसलेला मास्क सवयीने खाली केला. "ऑपरेशन..." म्हणून थांबला.

"तिथं थांबलास की माणूस जातो," आजी म्हणाल्या. "पुन्हा."

"ऑपरेशन छान झालं."

"मग जमिनीकडे काय बघतोस? काही हरवलंय का?"

तिसऱ्यांदा त्याने आजींच्या डोळ्यांत बघून, न थांबता, हसऱ्या चेहऱ्याने वाक्य म्हटलं. ते इतकं भेसूर झालं की समोरच्या बाईंनी पांघरूण वर ओढून घेतलं.

"ह्याला येतच नाही," आजींनी निकाल दिला.

बायकोला हसू फुटलं. पोटाला हात लावून ती हसली. "तुमचे डायलॉग मीच पाठ करून घेते ना इतकी वर्षं? एवढं भिकार काम कधी पाहिलं नव्हतं." मग हसता हसता ती थांबली. "घाबरलात ना?"

नटाला धीराची बरीच वाक्यं पाठ होती. सगळी तिच्यासमोरच पाठ झालेली.

"हो," तो म्हणाला. "खूप."

"मग आधी सांगायचं नाही का? मला वाटलं, मी एकटीच." तिने पाय वर घेतले. "सिस्टर, आणा तुमची गाडी."

"मी मात्र हिचं काय होतंय ते बघून ठरवीन," आजी म्हणाल्या.

थिएटरचं दार मिटलं आणि नट बाहेर राहिला. असल्या दारातून तो आजवर शेकडो वेळा बाहेर आला होता. या बाजूला कधी उभा राहिला नव्हता. हातांचं काय करायचं तेच त्याला कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले. समोरचे नट एवढा वेळ काय करत असत, ते त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

सव्वा तासाने दार उघडलं. तरुण सर्जन बाहेर आले. त्यांनी हळूच मास्क खाली केला. चष्मा काढला. जमिनीकडे पाहिलं. नटाच्या खांद्यावर हात ठेवला आणि थांबले.

पुढचं वाक्य नटाला पाठ होतं. तो भिंतीला टेकून घसरत खाली बसला.

"सर, सर! सगळं छान झालंय. शुद्धीवर येतायत त्या."

"मग थांबलात कशाला?" नटाने खालूनच विचारलं.

सर्जनांनी इकडेतिकडे पाहिलं. "घरच्यांशी कसं बोलायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही, सर. कॉलेजात असताना आम्ही सगळे तुमचंच बघायचो. मी त्यावरूनच शिकलो."

"सगळ्यांना असंच सांगता?"

"चार वर्षं झाली."

नट चार वर्षांतल्या माणसांचा विचार करत तसाच बसून राहिला. मग सर्जनांचा हात धरून उठला. "आधी वाक्य बोलायचं," तो म्हणाला, "मास्क त्यानंतर. दारातूनच बोललात तरी चालेल."

तो वॉर्डात आला. आजी उशीला टेकून वाटच बघत होत्या.

"काय झालं?"

तेच तीन शब्द होते. नटाने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. ओठ वेडेवाकडे झाले, नाक वाहू लागलं, आणि रुमाल कुठल्या खिशात ते आठवेना. कुठल्याही दिग्दर्शकाने तो शॉट ठेवला नसता.

आजींनी चष्मा पुसून त्याच्याकडे पुन्हा पाहिलं. मालिकेत मरणाची बातमी देताना हा असा कधीच दिसला नव्हता.

"सिस्टर," मग त्या म्हणाल्या, "आत जायच्या आधी माझी कवळी काढून कुठं ठेवायची?"