सासऱ्यांच्या फोल्डरमधलं शहर

घरात काही लपवायचं तर जिथे कुणी ढुंकूनही बघणार नाही तिथे लपवावं, एवढी अक्कल ऑफिसातले जुने कागद सांभाळणाऱ्या आपल्या रेकॉर्डकीपरांना होती. म्हणून नव्या गेमची बीटा आवृत्ती (म्हणजे कंपनीनं अर्धवट शिजवून चव बघायला लोकांच्या पानात वाढलेली) त्यांनी उतरवून घेतली ती थेट 'सासरे : आत्मचरित्र' या फोल्डरमध्ये. बायको कॉम्प्युटर रोज वापरायची, पण हा फोल्डर तिनं, प्रत्यक्ष लेकीनं, एकदाही उघडला नव्हता.

सासरे पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनिअर. शहरातला प्रत्येक व्हॉल्व्ह त्यांना तोंडपाठ, आणि प्रत्येक व्हॉल्व्हला एक प्रकरण. आठ महिने दर रविवारी ते सांगायचे, जावई टाइप करायचा. दोनशे बारा पानं झाली होती. आज पाच वाजता ते छापील प्रत न्यायला येणार होते, कारण उद्या जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्यात त्यातलं वाचून दाखवायचं होतं. सासूबाई गेल्यापासून म्हाताऱ्याला एवढ्या उत्साहात कुणी पाहिलं नव्हतं.

गेम शहर वसवायचा होता. रस्ते घाला, घरं बांधा, पाणी पोचवा. पण दर दहा मिनिटांनी तो गपकन बंद पडायचा. तीन वाजता सहाव्यांदा बंद पडला तेव्हा रेकॉर्डकीपरांचं डोकं फिरलं. गेलास उडत, म्हणून त्यांनी तो काढून टाकायचं बटण दाबलं. गेमनं विचारलं, 'सगळं काढू?' काढ बाबा, म्हणाले हे. गेम आज्ञाधारक निघाला. ज्या फोल्डरमध्ये बसला होता, तो फोल्डरच घेऊन गेला.

रेकॉर्डकीपर उठले, बसले, पुन्हा उठले. पंखा वाढवला, कमी केला. कॉम्प्युटरची कचरापेटी तीनदा उघडली. (ऑफिसात यांच्या टेबलामागे यांच्याच अक्षरातली पाटी आहे : 'प्रत्येक कागदाची दुसरी प्रत ठेवा'. तिथे सगळे यांना 'दुसरी प्रत' याच नावानं ओळखतात.)

"अहो, प्रिंट झाली का?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"होतेय."

"प्रिंटरचा आवाज कसा येत नाही?"

"हळू लावलाय."

मग त्यांना सुचलं की ज्यानं नेलं तोच परत आणेल. गेम पुन्हा उतरवला. नदी आली, कंपनीकडे जपून ठेवलेलं यांचं शहर आलं, पानं काही आली नाहीत. तेवढ्यात बेल वाजली. साडेचारच झाले होते, पण सासरे जन्मात कुठे वेळेवर पोचले नव्हते. नेहमी अर्धा तास आधी.

ते नवी कोरी फाइल घेऊन थेट कॉम्प्युटरपाशी आले. रेकॉर्डकीपरांनी थाप मारायला तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. "बाबा, सगळं गेलं. माझ्यामुळे. या गेमपायी."

सासरे खुर्चीत बसले. फाइलची दोरी सोडली, परत बांधली. "चौथं प्रकरण हिच्या आईचं होतं," एवढंच म्हणाले.

रेकॉर्डकीपरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोही दारात येऊन उभी राहिली होती.

फाइल बाजूला ठेवताना सासऱ्यांची नजर पडद्यावर गेली.

"ही टाकी उताराच्या खाली कुणी बांधली?"

"मी."

"मग पाणी वर कसं चढणार? तुम्ही विनंती करणार का त्याला? सरका."

मेळाव्यात त्यांनी तोंडीच सांगितलं, आणि लोकांनी जेवण थांबवून ऐकलं म्हणे. आता दर रविवारी ते सकाळीच येतात आणि गेमपुढे बसतात. कंपनीला चुका कळवणारी त्यांची पत्रं क्रमांक घालून जातात. पाइप टाकता टाकता ते आत्मचरित्र पुन्हा सांगतात, या वेळी चौथ्या प्रकरणापासून. कॉम्प्युटर मोकळा नसल्यामुळे जावई शेजारी स्टुलावर बसून हातानं लिहितो. कॉम्प्युटरवर आता भरवसा नाही, म्हणून दुसऱ्या प्रतीसाठी खाली कार्बन पेपर घालून.

परवा ते प्रकरण पूर्ण झालं. वडिलांच्या हातात मूळ कागद देऊन बायकोनं दुसरी प्रत कपाटात ठेवायला घेतली, आणि थबकली. सगळी पानं कोरी होती.

"अहो दुसरी प्रत," ती म्हणाली, "कार्बन उलटा लावला होतात."