नानांचा निबंध आणि वैशाखातलं भरीत

आमच्या शेजारच्या नानांना सकाळी भेटायचं असेल, तर आदल्या रात्री स्वप्न न पडलेलं बरं. कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून ते उभेच असतात. "काय, काल काही दिसलं?" तुम्ही चुकून हो म्हणालात की उलटतपासणी सुरू. दूधवाल्यानं एकदा भोळेपणानं सांगितलं, स्वप्नात म्हैस उडत होती. नाना म्हणाले, "कोणत्या दिशेला?" तो म्हणाला, पूर्वेला, सकाळची वेळ होती. "म्हणजे सूर्य तुझ्या डोळ्यांवर. मग ती म्हैसच होती हे तुला दिसलं कसं? कागदावर टिकत नाही." तेव्हापासून दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळतो.

मुलांनो, तुम्ही सुट्टीत इथे याल तेव्हा या गृहस्थांशी तुमची गाठ पडणारच. म्हणून आधीच सांगून ठेवते.

नाना धुळ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावला घर बांधलं आणि कोर्टही सोबत घेऊन आले. मेथीची जुडी ते मुद्देमाल तपासावा तशी उलटीपालटी करून बघतात. कॉलनीच्या सभेत चहा उशिरा आला तर 'तहकूब' म्हणून उठतात. त्यांच्या पत्नी सुमनताई फार कमी बोलायच्या. या माणसाशेजारी राहून तेच शहाणपणाचं होतं. दीड वर्षापूर्वी, दिवाळीनंतर त्या गेल्या. लोकांच्या स्वप्नांची ही चौकशी त्यानंतरची. रिकामं डोकं, दुसरं काय, असं मी म्हणून टाकलं होतं.

यंदा आमच्या वाचनालयातल्या हौशी मंडळींनी एक नाटक बसवलं. त्यात एक म्हातारी विधवा आहे. तिचा नवरा प्रत्येक अंकात तिच्या स्वप्नात येतो, पाटावर बसतो, भरीत मागतो, जेवतो आणि जातो. नाटक तसं बेताचंच होतं, पण बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. तिसऱ्या अंकात नवरा पुन्हा पाटावर बसला आणि माझ्या शेजारून आवाज आला, "खोटं शे! बठ्ठं खोटं शे!" नाना एरवी कोर्टातलं मराठी बोलतात. फार चिडले की धुळ्याची अहिराणी बाहेर येते. नवऱ्याचं काम करणारा बिचारा पिंप्राळ्याचा टेलर. तो इतका दचकला की भरिताचं ताट हातात घेऊनच स्वर्गात, म्हणजे विंगेत, गेला.

दुर्दैव असं, की वाचनालयानं याच नाटकावर निबंधस्पर्धा लावली. विषय होता, 'नायिकेची स्वप्ने: खरी की रचलेली?' एक बाजू घ्यायची आणि युक्तिवादानं ती पटवून द्यायची. नानांचे डोळे कसे चमकले असतील ते तुम्हीच ओळखा. दुसऱ्या दिवशी ते फूलस्केपचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे हजर.

"वहिनी, तुम्ही इंग्रजी शिकवलंय. निबंधाची शिस्त तुम्हाला ठाऊक. एवढं तपासा."

मी वाचलं. त्याला निबंध म्हणणं म्हणजे निबंधाचा अपमान होता. सुरुवातच अशी: 'सदर म्हातारी हिने वेळोवेळी स्वप्ने पडल्याचा बहाणा केला असून तिच्या कथनास स्वतंत्र दुजोरा नाही.' पुढे पानंच्या पानं तेच. म्हातारी झोपते ती खाट कुरकुरते, तेव्हा तिला गाढ झोप लागणं अशक्य. मयत नवरा प्रत्येक वेळी त्याच सदऱ्यात येतो, तेव्हा तो स्वप्नातला नसून कपडेपटातला आहे. आणि मग नानांचा हुकमी मुद्दा. तिसरा अंक आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा; ऐन वैशाख. 'वैशाखात भरीत कोठून आले? भरताची हिरवी वांगी थंडीतली. पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) जाळही थंडीतला. जन्मभर शेती केलेला इसम आखाजीला भरीत मागणार नाही, आमरस मागेल. सबब स्वप्न बनावट.'

"स्वप्नाला कसला आलाय हंगाम?" मी म्हणाले.

"का नाही? खोटं बोलणारा माणूस हंगामातच चुकतो वहिनी. मी जन्मभर साक्षी ऐकल्यात."

मी चष्मा काढून ठेवला आणि त्यांना शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. आधी आपलं म्हणणं मांडायचं. मग पुरावे द्यायचे. मग विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे, पूर्ण ताकदीनं मांडायची, आणि त्यानंतरच ती खोडायची. "तुमच्या निबंधात विरुद्ध बाजूच नाही. म्हातारीला खरंच स्वप्न पडत असेल, तर? तो परिच्छेद लिहून आणा."

"विरुद्ध बाजू गैरहजर. एकतर्फी निकाल."

"हे कोर्ट नाही नाना. ही माझी बैठकीची खोली आहे आणि तुमच्या चपला गालिच्यावर आहेत."

ते गेले. पुन्हा आले. कागद तेच, फक्त खाटेच्या कुरकुरीवर आणखी एक पान वाढलेलं. मी परत पाठवले. पुन्हा आले तेव्हा सदऱ्याला बटणं किती, याचा ऊहापोह होता. विरुद्ध बाजू नाहीच. हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, तुमचे आजोबा त्यांतलेच. पण कोऱ्या परिच्छेदासाठी इतकी पानं खर्ची घालणारा माणूस पाहिला नव्हता. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी ते चौथ्यांदा आले तशी मी तोंडावरच म्हणाले, "तुम्हाला लिहिता येत नाही असं सरळ कबूल करा आणि मला कैऱ्या चिरू द्या."

नाना उंबऱ्यातच उभे राहिले. चपला बाहेर काढल्या होत्या. त्यांच्या बाबतीत हे इतकं नवलाचं होतं, की विळीवरचा माझा हात थांबला.

"ती बाजू मांडता येत नाही वहिनी."

"का?"

"मांडली तर निकाल माझ्याविरुद्ध जातो."

मला काही कळेना. ते गठ्ठ्याच्या कडा नीट करत राहिले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "त्या म्हातारीले रोज दिखस. खाऊनपिऊन जास. आन सुमन माले एक डाव बी दिखनी नही. इतलं वरीस व्हयनं. मी दुपारले बी झोपी पाहिलं." मग पुन्हा कोर्टातल्या मराठीवर आले. "सगळ्या गावाला विचारतो. म्हटलं, माझ्याकडे येत नसेल, दुसऱ्या कोणाकडे तरी जात असेल."

मी कैऱ्या चिरायला घेतल्या.

आखाजीला आपल्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. सकाळी नानांच्या ओट्यावर सुमनताईंच्या नावाची घागर होती. डांगर चांगलं पिकलेलं होतं, पण ठेवलं होतं उलटं, देठ खाली. पुरुषांची कामं ही अशी. नाना भिंतीवर कोपरं टेकवून उभे होते, पण आज काही विचारत नव्हते. मीच आपणहून भिंतीशी गेले.

"नाना, काल मला सुमनताई दिसल्या."

त्यांनी मान वर केली.

"कुठे?"

"तुमच्या मागच्या अंगणात."

"काय करत होती?"

खरं सांगायचं तर पुढचं मी ठरवलंच नव्हतं. मी आयुष्यात वाणसामानाची यादी केल्याशिवाय दुकानात गेलेली नाही, आणि इथे अशीच गेले. तोंडाला येईल ते बोलले.

"वांगी भाजत होत्या. भरताची, हिरवीगार. पऱ्हाट्यांवर."

शब्द बाहेर पडले आणि मी जीभ चावली. आखाजीच्या सकाळी, ऐन वैशाखात, त्या माणसापुढे! नानांनी तोंड उघडलं. मी 'कागदावर टिकत नाही' ऐकण्याच्या तयारीनं उभी राहिले.

"मग धूर गेला असेल डोळ्यांत," नाना म्हणाले. "तिला धूर सोसायचा नाही."

"हो," मी म्हणाले. "पदरानं पुसत होत्या."

त्यांनी मान डोलावली आणि आत गेले. जाताना डांगर सरळ करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नाना वाचनालयात निबंध पोचवायला निघाले तेव्हा त्यांनी मला शेवटचं पान दाखवलं. विरुद्ध बाजूचा परिच्छेद आता होता. भाषा तीच, भयंकर: 'तथापि एका शेजारणीस हंगाम नसतानाही असेच स्वप्न पडल्याचे समोर आले आहे. साक्षीदार विश्वासू असून उलटतपासणी घेण्याची आवश्यकता वाटत नाही.'

पुढे खंडन लिहायला हवं होतं. तिथे जागा कोरीच होती. नियमानं मी तो निबंध परत पाठवायला हवा होता.

मी म्हणाले, "द्या असाच."