स्वादुपिंडप्रांतीचा पहारेकरी कैसा सापडला

श्री शीतकपाट प्रसन्न. ताईनान शहरी विद्यापीठाचे चौथे मजल्यावरी जे रण माजले, त्याची हकीकत घडली तैसी लिहितो. भीड कोणाची धरणे नाही, साहेबांची तर नाहीच नाही.

स्वादुपिंड नामे मुलूख. तेथे कर्करोग गनीम शिरला. त्यास अडवावयास एक प्रथिन पहाऱ्यावर नेमिले होते, परंतु फितुरांनी त्याचे पाठीस इवलीशी चिठ्ठी डकवावी, आणि पेशीतील भंगारयंत्राने चिठ्ठी दिसताच, शहानिशा न करिता, पहारेकऱ्याचे तुकडे पाडावे, ऐसा अंदाधुंद कारभार. हे सिद्ध करावयाची मोहीम छ्यू यून-चेन या विद्यार्थिनीवर सोपविली. पहारेकऱ्याचा काळा ठसा पडद्यावर उमटला तर पदवी, शुक्रवारपावेतो न उमटला तर विषय बंद आणि इतकी वर्षे पाण्यात.

आता ठसे टिपणारे यंत्र मोठे लहरी. त्याने शहाण्यासारखे वागावे म्हणून तेथील रिवाजाप्रमाणे यंत्राचे माथ्यावर हिरव्या पिशवीतला मक्याचा खाऊ ठेविला होता. परंतु खासे प्राध्यापक को साहेब, सकलप्रथिनविशारद, एके दुपारी भुकेजले आणि खाऊ फस्त करून, रिकामी पिशवी फुगवून जागेवर ठेविते जाहले. मग ठसा येईना, तेव्हा पोरीचा हातच वाईट, ऐसे फर्माविले. पेशींना आधी भंगारयंत्र थोपविणारे औषध पाजावे, म्हणजे पहारेकरी ठशापावेतो शाबूत राहील, ही तिची अर्जीही फालतू लाड म्हणोन फेटाळिली.

मग यून-चेनने गुपचूप औषध पाजिले, आणि पिशवी उचलिता आत नुसती हवा, म्हणोन नवी आणोन ठेविली. सोबती लाय याने डिवचले, "शास्त्रज्ञ ना गं तू?"

"आहे ना. म्हणून तर दोन्ही करतेय."

शुक्रवारी ठसा उमटला. तिळाएवढा, पण काळाकुळकुळीत. पोरीस रडू आवरेना. साहेब धावत आले.

"काय वेगळं केलंस?"

औषधाचे नाव घ्यावे तर हुकूमभंग. तिने पिशवीकडे पाहिले, मग साहेबांकडे.

"सर, या वेळी खाऊ कुणी खाल्ला नाही."

साहेबांचे कान लाल जाहले आणि ते सवाल सोडून माथ्यावरील पिशवी नीट लावू लागले. तिने औषधासुद्धा सर्व खरे लिहिलेला अहवाल पुढे सारिला. साहेबांनी न वाचता मंजूर केला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पदवी यून-चेनने घेतली, वाहवा साहेबांनी घेतली, आणि यंत्रावर ताकीद लागली की खाऊस जो हात लावील त्याची गय होणार नाही. खाली सही, को साहेब.