लाभार्थी झुंबरबाई यांचे पिवळे वांगे

कोल्हारच्या प्रवरातीर उद्यानप्रेमी मंडळाकडे सर्व काही होतं, फक्त लाभार्थी नव्हता. अकरा सभासद होते, गोल शिक्का होता, एकसारख्या हिरव्या टोप्या होत्या. ओल्या कचऱ्याचं खत करायला कार्यालयामागे एक निळं पिंपही होतं. त्याचं गेल्या वर्षी थाटात उद्घाटन झालं होतं. त्यानंतर त्यात कापलेली फीत आणि सभांच्या चहाचा चोथा यांशिवाय काही पडलं नव्हतं.

आता आली का पंचाईत! उद्यान मंडळांच्या महासंघाची लोकसेवा ढाल मिळवायची, तर एका गरजू व्यक्तीची बाग मंडळाने फुलवून दिलेली असली पाहिजे, आणि कामाआधीचा व कामानंतरचा असे दोन फोटो अर्जाला जोडले पाहिजेत. अट क्रमांक सात.

मंडळाचे सचिव बिभीषण तात्या यांना अटी मनापासून आवडत. चौतीस वर्षं त्यांनी एका कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. निवृत्तीच्या दिवशी नेमके साहेब रजेवर होते, त्यामुळे तात्यांचा सत्कार राहून गेला तो राहूनच गेला. त्यांना ती ढाल हवी होती. निदान ती घेताना फोटोच्या कडेला उभं राहायचं होतं, एवढंच.

नदीकडच्या वाटेवर पत्र्याच्या दोन खोल्यांत झुंबरबाई एकट्या राहत. महिला, ज्येष्ठ, गरजू. अर्जातल्या तिन्ही चौकटींत एकाच बाईची खूण बसतेय म्हटल्यावर तात्यांना अगदी भरून आलं. पण अंगणात पाऊल टाकलं आणि ते जागीच थबकले. मिरच्या लगडल्या होत्या, पत्र्यावर दोडका चढला होता, गवती चहा माजला होता, अबोलीला तर काही धरबंधच नव्हता.

"झुंबरबाई, मंडळ तुमची बाग फुलवून देणार आहे," तात्या कसंबसं म्हणाले.

"फुललीय की वो! आता आनखी कुटवर फुलवता?" झुंबरबाई हसल्या. "त्यापरीस कुंपन करून द्या. शेळ्या लई तरास देत्यात."

"कुंपणाचा रकाना नाही अर्जात," तात्या प्रामाणिकपणे म्हणाले.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. पोहे संपेपर्यंत मुद्दा सर्वांच्या लक्षात आला. कामानंतरचा फोटो तयारच होता. अडचण कामाआधीच्या फोटोची होती. अध्यक्षा मोनिकाताईंनी हात पुसत तोडगा काढला. बागेचं एकवीस दिवसांसाठी तात्पुरतं स्थलांतर करायचं. रोपं सभासदांच्या घरी राहतील, उजाड अंगणाचा फोटो निघेल, मग रोपं परत जागेवर. ठराव एकमताने मंजूर झाला. झुंबरबाईंना कुंपणाचं तोंडी आश्वासन देण्यात आलं, आणि कुंपणापायी त्या हो म्हणाल्या.

रोपं डब्या-बादल्यांतून निघाली. दोडक्याचा वेल काही निघेना, म्हणून त्याच्यावर मंडळाचा फ्लेक्स टाकला. एक कुंडी मात्र झुंबरबाईंनी स्वतः उचलून तात्यांच्या हातात दिली. वांग्याचं रोप होतं, त्याला एकच वांगं, पिवळंधमक.

"ह्ये बियाला धरलंय, पिकून पिवळं झालंय. सासूनं दिलेलं वान हाय. बाकीची झाडं किडीनं गेली, येवढंच ऱ्हायलं. तुमी शाने मानूस, म्हून तुमच्याकडं देते."

सभासदांनी रोपांची मनोभावे सेवा केली. मोनिकाताईंनी मिरच्यांना एसी लावून दिला. एका सभासदाने अबोलीला मिनरल वॉटर पाजलं. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या, म्हणजे रोपांनी. मग काय, झुंबरबाईंना फोन! बाई सकाळ-संध्याकाळ अकरा घरं फिरून आपल्याच झाडांना पाणी घालू लागल्या. तात्यांनी त्यांचे श्रमदानाचे तास प्रामाणिकपणे नोंदवले; पण लाभार्थी स्वयंसेवक असू शकत नाही, अशी अट क्रमांक नऊ होती. मग ते तास अकरा सभासदांत सारखे वाटून दिले.

तिसऱ्या दिवशी मोनिकाताई तपासणीला तात्यांच्या घरी आल्या आणि कुंडीसमोर किंचाळल्याच. "तात्या! रोगट फळ? आणि ते सचिवाच्या घरी?"

"बियाचं आहे ते, ताई. त्या म्हणाल्या..."

"लेखी आहे का तसं?"

लेखी नव्हतं. चौतीस वर्षांत तात्यांनी लेखी नसलेल्या गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नव्हता, आणि वरिष्ठांना नाही म्हणण्याची तर सवयच नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने वांगं तोडलं आणि निळ्या पिंपात भिरकावलं. ते फुटल्याचा आवाज आला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पुढे झुंबरबाई पाणी घालायला आल्या की तात्या देवघरात शिरून घंटा वाजवत बसायचे. अठरा दिवसांत देवाची एवढी पूजा झाली की घरच्यांना काळजी वाटू लागली.

एकविसाव्या दिवशी रोपं परत आली. झुंबरबाईंनी वांग्याचं रोप फिरवून फिरवून पाहिलं.

"तात्या, वांगं?"

तात्यांनी हिरवी टोपी काढून हातात घेतली. "रोगट म्हणून पिंपात टाकलं. ताई म्हणाल्या, पण टाकलं मी. तुम्ही सांगितलेलं माझ्या चांगलं लक्षात होतं. चुकलो मी, झुंबरबाई."

बाई तडक कार्यालयामागे गेल्या, तात्या मागोमाग. झुंबरबाईंनी पिंपात डोकावलं आणि तोंडाला पदर लावला. रडतायत, या समजुतीने तात्याही रडवेले झाले.

"अगं बया! उगावलं की वो समदं!"

चहाच्या चोथ्यावर, फितीच्या दोन्ही बाजूंनी, वांग्याची इवली इवली रोपं दाटीवाटीने उभी होती. मंडळाच्या इतिहासात प्रथमच काहीतरी उगवलं होतं! तात्यांना इतकं हायसं वाटलं की ते तिथल्या विटेवर मटकन बसले.

तेवढ्यात मोनिकाताई आल्या. त्यांनी पिंपात पाहिलं, क्षणभर विचार केला आणि घोषणा केली, "ही मंडळाची रोपवाटिका!"

मंडळाला ढाल मिळाली. समारंभात झुंबरबाईंना हार घालून, सही घेऊन, त्यांच्याच वाणाची सहा रोपं दान करण्यात आली. दोन शब्द बोला, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माजंच मला दिलं, पर हार घालून दिलं. लई उपकार झाले." टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्या खाली उतरल्या, आणि खुर्ची न मिळाल्याने खांबाला टेकून उभ्या असलेल्या तात्यांच्या गळ्यात त्यांनी तो हार घातला. "ह्यो खरं बोल्ला," एवढंच म्हणाल्या. तात्यांचा सत्कार असा एकदाचा झाला. फोटोग्राफर तेव्हा मोनिकाताईंचा फोटो काढत होता.

आणि कुंपण? समारंभाचे फ्लेक्स तात्यांनी स्वतः वाहून नेऊन अंगणाभोवती खांबांना बांधले. फ्लेक्सवरचे अकरा सभासद हसतमुखाने मिरच्यांची राखण करतात. शेळ्या फिरकत नाहीत.

ते दोन्ही फोटो जिल्हाभर मोबाईलवर फिरले. उजाड अंगणाच्या फोटोत रोपं उपटल्याचे ताजे खड्डे स्पष्ट दिसतात, कडेला भरलेल्या बादल्याही दिसतात. तरी हजारभर लोकांनी खाली अंगठा दाखवून 'स्तुत्य उपक्रम' असं लिहिलं. मंडळाने ठराव करून प्रत्येक अंगठा दहा मिनिटांचं श्रमदान म्हणून धरला आहे.

तात्यांनी त्या सर्वांची श्रमदानाची प्रमाणपत्रं तयार केली आहेत. तुमचंही आहे. सवडीने येऊन सही करून घेऊन जावं.