काकूंना वर पोचवणे

व्हिनेगर या विषयावर आता मला कुणीही काहीही विचारावं! तीन व्हिडिओ मी पूर्ण बघितलेत आणि चौथा अर्धा. काय करू नये ते बहुतेक चौथ्याच्या उरलेल्या अर्ध्यात होतं.

पण हेतू शुद्ध होता हो! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला शंका येईल. काकूंना आली होती.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. त्या वर राहतात, मी खाली. माझ्या खोलीपुढे त्यांची छोटीशी बाग. काकूंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्यातही धुकं. त्यामुळे वर्षभर त्या बागेत फिरकल्याच नव्हत्या. आणि वेळेवर खुडलं नाही की हिरव्या भाज्या काय करतात? सरळ फुलावर येतात! शेपूच्या पिवळ्या छत्र्या उघडलेल्या, पुदिन्याला तुरे आलेले. कोपऱ्यात ती केसांसारखी बारीक पात असते ना, कांद्याच्या वासाची, तिला तर जांभळे गोंडेच गोंडे. व्हिडिओतली बाई म्हणाली, ही सगळी फुलं खाता येतात आणि व्हिनेगरमध्ये मुरवली की रंग असा काही उतरतो की बघत राहाल.

काकूंचं ऑपरेशन एकवीस तारखेला होतं. चार महिने थांबून मिळालेली तारीख! म्हटलं, डोळा नीट होऊन घरी आल्या की त्यांच्याच बागेतल्या फुलांची बरणी त्यांच्या हातात ठेवायची. बघा, अजून दिसतोय का कुठे वाईट हेतू?

तर सात तारखेला फुलं धुतली, फडक्यावर सुकवली, तीन बरण्यांत दाबून भरली, वरून कोमट पांढरं व्हिनेगर ओतलं. फुलं वर तरंगली की बुरशी धरते, म्हणून वर काहीतरी वजन ठेवायचं असतं. मला ड्रॉवरमध्ये गोट्या सापडल्या. काचेच्या, दुधासारख्या पांढऱ्या, मधोमध निळा ठिपका. प्रत्येक बरणीत एकेक टाकली. ती काही वर राहिली नाही. फुलांमधून घरंगळत निम्म्यावर गेली आणि काचेला चिकटून बसली. ठिपका बाहेरच्या बाजूला.

मग लेबलं. मी कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावतो. आमच्या हेडक्लार्कचा नियमच आहे, अक्षर दहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे आणि फापटपसारा नको! चार वर्षांत तो नियम हाडांत मुरलाय. जाड मार्कर घेतला आणि लिहिलं:

काकू. २१ तारीख. डोळा झाला की वर पोचवणे. अंधारात ठेवा.

दुसरी ऑफिसच्या साहेबांसाठी: साहेब. ३० तारीख. तोंड घट्ट बंद ठेवणे.

तिसरी माझी स्वतःची: मी. कधीही.

आणि तिन्ही बरण्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. घरात त्याच्याइतका अंधार दुसरीकडे नाही. ते कपाट म्हणजे भिंतीला पडलेलं तोंडच! दार उघडलं की आतून गार हवेचा श्वास येतो, भर दुपारी. आतली लाकडं कण्हतात. काकूंचे कांदे-बटाटे तिथेच असतात, खालच्या फळीवर. अंधारात त्यांना कोंब फुटलेले, पांढरेफटक, बोटांसारखे. मी बरण्या वरच्या फळीवर लावल्या, लेबलं समोर, एका ओळीत. दार लावलं. झालं!

तिसऱ्या दिवशी कामावरून आलो, रंग बघायला दार उघडलं. आणि काय सांगू! फुलांचा सगळा जांभळा रंग पाण्यात उतरलेला, लालभडक! फुलं मात्र पांढरी पडलेली. ताप येऊन गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी, गर्दी करून काचेला टेकलेली. साहेब माझ्याकडे एका डोळ्याने बघतायत. मी माझ्याकडे बघतोय.

काकूंच्या बरणीने मात्र पाठ फिरवली होती. लेबल भिंतीकडे!

म्हटलं, माझ्याच हातून तसं राहिलं असेल. सरळ करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे.

सरळ केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा! आणि फक्त काकूंचीच! बाकीच्या दोघींवर धूळसुद्धा हललेली नाही. पाचव्या दिवशी तर तिच्यावर काळं फडकं होतं, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं. मी ते दोन बोटांनी उचललं. आत लाल पाण्यात तो निळा ठिपका. मला शपथेवर विचाराल तर सांगेन, तो वळला!

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एकजण आहे, त्याला सगळे लंबू म्हणतात. त्याला सांगितलं.

"एकाच बरणीने पाठ फिरवली?" लंबू म्हणाला. चहाचा कप खाली ठेवला त्याने! लंबू भूकंपातही कप खाली ठेवणार नाही.

"एकाच."

"कुणाचं नाव त्यावर?"

"काकूंचं."

"आणि काकूंचं ऑपरेशन आहे."

"एकवीसला."

 लंबूने कप उचलला आणि म्हणाला, "म्हातारीला विचारून घे, काही इच्छा राहिलीय का."

आता तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवतं! मीही ठेवत नाही. पण संध्याकाळी मी जिन्यात उभा होतो. काकू वरून गॅलरीतून खाली बघत होत्या. रंग उतरलेला. थेट त्या फुलांसारखा!

"काकू," मी म्हटलं, "तब्येत बरी आहे ना?"

"का रे?" त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"सहज. छातीत वगैरे काही होत नाही ना?"

"नाही."

"काही खावंसं वाटतंय का? कुणाला भेटावंसं?"

काकूंनी कठडा घट्ट धरला. "तू... तू का विचारतोयस?"

"एकवीस तारीख जवळ आली ना," मी शक्य तितक्या मायेने म्हटलं.

काकू आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. मग दुसरी कडी. मग काहीतरी जड वस्तू दाराकडे सरकवल्याचा आवाज.

मला भरूनच आलं. म्हटलं, माणसाला आतून कळतं म्हणतात ते हेच!

पुढचे चार दिवस मी रोज चौकशी केली. रोज त्या जास्त खचलेल्या दिसायच्या. मी जिन्याला पाय लावला की वरून ओरडायच्या, "वर येऊ नकोस! वर यायचं नाही!" आणि खाली कपाटात बरणी रोज भिंतीकडे तोंड करून बसलेली. झाकण लोखंडी होतं, ते आतून काळं पडून कडेला कातडीसारखं सोलत होतं. आंबट वास आता माझ्या उशीपर्यंत यायला लागलेला. तरी मी ती रोज सरळ करून ठेवायचो. म्हटलं, ही पाठ फिरवते तर आपण काकूंच्या बाजूने उभं राहायचं!

एकोणीस तारखेला सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे काकूंची मुलगी, दुसऱ्या गावी असते.

"तू आईला काय सांगितलंस?" हॅलो नाही, काही नाही!

"मी? काही नाही! मी तर रोज तब्येत विचारतो."

"ती म्हणते ऑपरेशनला जाणार नाही. एकवीस तारखेला घराचा उंबरठा ओलांडणार नाही म्हणते. कारण विचारलं तर म्हणते, मी सांगितलं तर तू म्हणशील डोळ्यांमुळे असं दिसतं. अरे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, डोळ्यात दाब वाढायला लागलाय. ही तारीख गेली तर पुढची दोन-तीन महिन्यांनी. तोपर्यंत डोळा राहणार नाही! कायमचा जाईल!"

 इतके दिवस मी काकू जातील म्हणून घाबरत होतो. इथे तर डोळा जायची वेळ आली होती.

"मी उद्या संध्याकाळी पोचते," ताई म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "तोवर काहीही करून तिला तयार कर. तुझंच ऐकते ती."

माझंच! मी जिन्यावर पाऊल टाकलं की दाराकडे जड वस्तू सरकवतात त्या!

विचार करून करून मी एका निष्कर्षाला आलो. सगळ्याच्या मुळाशी ती बरणी होती. ती कशी वळते ते शोधायचं, मग काकूंना सांगायचं. वीस तारखेला अर्धी सुटी टाकली, दुपारी घरी आलो आणि जिन्याखालच्या कपाटात स्वतःला कोंबलं. गुडघे हनुवटीला, मानेला बटाट्यांचे कोंब. दार बोटभर उघडं.

बसलो. कोंबांची बोटं मानेवर गुदगुल्या करत होती. डोक्यावर तीन लाल बरण्या. एका फटीतून उजेडाची रेघ आत येऊन बरोबर काकूंच्या डोळ्यावर पडलेली, म्हणजे गोटीवर. सगळं घर गप्प.

मग जिन्यावर पाऊल वाजलं. थांबलं. पुन्हा एक. लाकूड माझ्या डोक्यावरच कण्हलं. काहीतरी भिंतीला घासत खाली येत होतं. दार हळूच उघडलं. आणि अंधारात एक हात आला! नुसता हात! चाचपडत, फळी मोजत, एक बरणी, दोन बरण्या. तिसरीवर थांबला. तिला फिरवायला लागला.

मी किंचाळलो!

हातही किंचाळला!

बरणी फळीवरून सुटली, फरशीवर फुटली. लाल पाणी सगळीकडे! पांढरी फुलं माझ्या केसांत! आणि ती गोटी टुक टुक टुक करत गेली आणि दारातल्या चपलेपाशी थांबली. ठिपका वर.

"कोण आहे आत?" काकूंचा आवाज!

"मी!"

"मी?" काकू कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी, कधीही?"

आणि पहिला कांदा माझ्या कपाळावर बसला. मोतीबिंदू असलेल्या बाईचा नेम इतका चांगला असू शकतो हे कुठल्याच डॉक्टरने मला सांगितलेलं नाही!

"काकू! काकू, मारू नका! तुम्ही बरणी फिरवत होता?"

"मग काय करू? रोज कांदा घ्यायला यायचं आणि रोज त्या लाल पाण्यातून माझाच डोळा माझ्याकडे बघतोय! मी त्याचं तोंड भिंतीकडे करायची, वर फडकंसुद्धा टाकलं, तरी दुसऱ्या दिवशी परत माझ्याकडे!"

"ते मी करायचो!"

"बघ! कबूल केलंस!" दुसरा कांदा.

"अहो, ते व्हिनेगर आहे!"

"मला वाचता येतं अजून!" काकूंचा श्वास फुललेला. "एवढाली अक्षरं! काकू, एकवीस तारीख, डोळा झाला की वर पोचवणे! मी काय केलं रे तुझं? सांग ना! कधी एक शब्द बोलले का तुला? आणि त्या साहेबाचं तोंड कशाला बंद करतोयस? त्याने काय पाहिलं?"

मी फुलांसकट तसाच बसून राहिलो. मनातल्या मनात ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. चार वर्षं मी पार्सलांवर हेच लिहितोय. "दुसरा मजला, वर पोचवणे."

"काकू," मी म्हटलं, "वर म्हणजे... वर. तुमच्या घरी. जिना चढून."

 काकूंच्या हातातला कांदा काही खाली आला नाही.

"कुणाच्या घरी?"

"तुमच्या. भेट म्हणून. तुमच्याच बागेतली फुलं आहेत. ऑपरेशन होऊन आलात की द्यायची होती."

"मग 'काकूंसाठी भेट' असं लिहायला काय शाई संपली होती?"

"ऑफिसात फापटपसारा चालत नाही, काकू."

"आणि रोज छातीत दुखतं का विचारायचास ते?"

यावर मी लंबूचं सगळं सांगितलं. मलाही वाटलं होतं की तुम्ही जाणार, हेही बोललो. बोलल्यावर वाटलं, नसतं बोललो तरी चाललं असतं.

काकूंनी साहेबांची बरणी उचलून माझ्यापुढे धरली. "पी."

"काकू, हे नुसतं पीत नाहीत. सॅलडवर वगैरे..."

"पी म्हणते ना!"

झाकण काढलं. अर्धी वाटी प्यायलो. माझे कान आत ओढले गेले. दात आपापसात भांडायला लागले. एक पांढरं फूल घशात अडकलं आणि आत काहीतरी बोलल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा! काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या, घड्याळ डाव्या डोळ्याजवळ नाकाला लावून. पूर्ण दहा मिनिटं. मी मरतोय का ते बघत!

"श्वास लागतोय?"

"नाही."

"हातपाय गार?"

"नाही, काकू. कुणाला भेटावंसंही वाटत नाही."

काकूंच्या ओठाचा कोपरा हलला. त्या उठल्या, साडी झटकली. मग बागेकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "भीती ऑपरेशनचीच होती रे. तुझी बरणी निमित्त झाली." आणि लगेच ओरडल्या, "सकाळी सातला गाडी सांग! आणि ती फरशी पूस! खून झाल्यासारखी दिसतेय!"

एकवीसला ऑपरेशन झालं. ताई सोबत होती, मी फाइल घेऊन. झकास झालं. बावीसला सकाळी नर्सने पट्टी काढली. काकूंनी डोळा मिचकावला, हळूहळू उघडला. आधी खिडकी बघितली. मग ताईकडे बघितलं, तिच्या गालावरून हात फिरवला. ताई रडली, मीही जवळजवळ रडलो. काकू म्हणाल्या, "सगळं कसं लख्ख दिसतंय गं!"

मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. टक लावून बघत राहिल्या. माझ्या चेहऱ्याकडे, अगदी निरखून. मी पुढे झालो. म्हटलं, आता आशीर्वादच!

"अरे," काकू मायेने म्हणाल्या, "तोंड धुऊन ये बघू. नाकाखाली काहीतरी काळं लागलंय."

आठ महिने लागले होते हो मला ती मिशी वाढवायला!