सदर बंद, दार उघडं

"येत्या रविवारपासून मी लिहिणार नाही!" अवधूतनं जाहीर केलं, आणि मंत्र्यानं खिशातून राजीनामा काढावा तसा एक कागद काढून ताटाशेजारी ठेवला.

शरयूनं तव्यावरची भाकरी उलटली. "तो कागद उचला आधी. आमटी सांडेल त्याच्यावर."

निर्णय काही लहानसहान नव्हता बरं का! अवधूत सांगलीत पाटबंधारे खात्यात कारकून होता, पण ती झाली सोमवार ते शनिवारची ओळख. गावातल्या छोट्या दैनिकात सहा वर्षं, दर रविवारी, त्याचं 'आमच्या घरी' हे सदर यायचं, आणि तोच खरा अवधूत असं त्याचं ठाम मत होतं. शरयूचा करपलेला उपमा, मयूरीचा पडलेला दात, साताऱ्याच्या सासऱ्यांचं रणगाड्यासारखं घोरणं, सगळं त्यानं छापून आणलं होतं. मंडईत भाजीवाल्या शरयूला विचारायच्या, "वैनी, उपमा जमतोय का आता?"

पण गेल्या आठवड्यात चौथीतल्या मयूरीनं शाळेत 'माझे बाबा' निबंध लिहिला. बाईंनी तो शरयूच्या हातात दिला आणि शरयूनं तो अवधूतच्या टेबलावर ठेवला. "माझे बाबा रविवारी घरी असतात. ते खिडकीकडे तोंड करून लिहितात. ते आमच्याबद्दलच लिहितात, म्हणून त्यांच्याशी बोलायचं नसतं."

अवधूतनं ते तीनदा वाचलं. त्या दिवशी त्याला चहासुद्धा गोड लागला नाही.

मग ठरलं! सदर बंद! रविवारचं वेळापत्रकसुद्धा तयार झालं. सकाळी शरयूला सुट्टी, तिनं मिरजेला मैत्रिणीकडे जायचं, चार वर्षं नुसतं 'जाऊ, जाऊ' चाललं होतं. स्वयंपाक अवधूतकडे. आणि दहा वाजता मयूरीला सायकल शिकवायची. सायकल दिवाळीत आली होती, आता मार्च उजाडला होता, आणि अजून ती जिन्याखाली पोतं पांघरून उभी होती.

वाचकांचा निरोप घ्यायला अवधूतनं आठशे शब्द लिहिले. त्यात संसार होता, कर्तव्य होतं, शेवटच्या परिच्छेदात कृष्णामाईसुद्धा होती. संपादक गंगाधरपंतांनी तो मजकूर डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाले, "उत्तम! एक ओळ गाळत नाही."

खरोखरच त्यांनी एक ओळ गाळली नाही. शनिवारी संध्याकाळी बेदाण्याच्या सौद्यांची मोठी जाहिरात आली, तेव्हा त्यांनी सगळ्याच गाळल्या! रविवारी चौकटीत छापून आलं ते एवढंच : "घरगुती कारणांमुळे 'आमच्या घरी' हे सदर बंद करण्यात येत आहे."

सकाळी सात वाजता शरयू हातात पिशवी घेऊन घराबाहेर पडली. समोरच्या चंद्राबाई तेव्हा दारात सडा टाकत होत्या. शरयू गडबडीत होती, मिरजेची गाडी चुकेल म्हणून बोलली नाही. साडेसातला चंद्राबाईंच्या घरी पेपर आला.

आठ वाजता अवधूत कमरेला शरयूची जुनी साडी गुंडाळून कांदा चिरत होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दार ढकलून चंद्राबाई आत आल्या, हातात वाटीभर पिठलं.

"रडू नगा भाऊ," त्या म्हणाल्या. आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

"अहो, कांदा आहे हा!"

"व्हय, व्हय. कांदाच म्हणायचं. पुरुषमाणसानं दुसरं काय म्हणावं?"

"शरयू मिरजेला गेली आहे. मैत्रिणीकडे!"

"तिकडं का असंना, येईल म्हागारी." चंद्राबाईंनी ओट्यावर पिठलं ठेवलं. "मी साताऱ्याला फोन केलाय. सुभेदारांना सांगितलं, असाल तसं या म्हणून."

अवधूतच्या हातातली सुरी खाली पडली. सुभेदार राजाराम म्हणजे शरयूचे वडील! सैन्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण लढाई संपल्याचं त्यांना अजून कुणी कळवलं नसावं.

चंद्राबाईंची समजूत घालण्यात दोन तास गेले. "बाबा, दहा वाजले," मयूरी दारातून म्हणाली. तिनं सायकलवरचं पोतं काढून घंटी पुसली होती.

"आलोच बाळा!"

तो चप्पल घालतो न घालतो तोच कचेरीतले दोघं सहकारी आले. त्यांनी खुर्चीवर बसून दहा मिनिटं छताकडे पाहिलं, मग एकानं विचारलं, "वकील बघितलास का?" ते जातात तर वरच्या मजल्यावरचे जोशी आले आणि 'बायकांचा स्वभाव' या विषयावर बोलून गेले. प्रत्येकाला अवधूत सांगत होता की काही झालेलं नाही, आणि प्रत्येक जण मान हलवत होता, जशी डॉक्टर रोग्यासमोर हलवतात.

साडेअकराला मुंडासं बांधलेला एक माणूस डोक्यावर द्राक्षांची पेटी घेऊन दारात उभा राहिला.

"अवधूतराव तुमीच न्हवं? मी हरिबा. तासगावाकडनं आलोय. आमच्या वस्तीवर दर रविवारी तुमचं सदर वाचत्यात. मी अडाणी हाय, पण पोरगी मोठ्यानं वाचती, मी ऐकतो." त्यानं पेटी खाली ठेवली आणि तो चाचरत म्हणाला, "वैनींचा उपमा करपला म्हणून तुमी लिवलं, ते लय हसलो आमी. आज वाटलं, त्या हसण्याचं पाप तर न्हाई ना लागलं?"

आता याला काय सांगायचं! अवधूतनं त्याला बसवलं, पाणी दिलं. सहा वर्षांत त्याला भेटायला आलेला हा पहिला वाचक होता, आणि तो सांत्वनाला आला होता.

"बाबा, साडेअकरा," मयूरी म्हणाली.

"पाच मिनिटं, मयू."

मयूरी जिना उतरून गेली. खालून नुसती घंटी वाजली. ट्रिंग. अवधूतच्या छातीत ती सुईसारखी गेली. तो मनात म्हणाला, लिहीत होतो तेव्हा निदान माझी पाठ तरी तिला एका जागी दिसायची!

एक वाजता जिना हादरला. सुभेदार! मिशा ताठ, हातात छत्री, काखेत कंदी पेढ्यांचा पुडा. रागात निघाले तरी साताऱ्याहून रिकाम्या हातानं येणं त्यांना जमलं नव्हतं.

"जावईबापू, रिपोर्ट द्या!"

"मामा, काही झालेलं नाही."

"मग हे काय?" त्यांनी पेपर उघडला. "घरगुती कारण! माझ्या लेकीला पेपरात 'घरगुती कारण' म्हन्तासा?"

"आवं सुभेदार, जरा सबुरीनं," चंद्राबाई मध्ये पडल्या. "मानूस सकाळधरनं रडतंय."

"कांदा होता!" अवधूत ओरडला.

जोशी पुन्हा खाली आले. सहकारी जेवून परत आले. खोलीत सहा माणसं एकाच वेळी बोलत होती, आणि एवढ्यात शरयू दारात उभी राहिली. केसात गजरा, चेहरा ताजातवाना, चार वर्षांचं हसून आलेली.

"अगबाई! कुणाचं काय झालं?"

"तू बोल," सुभेदार गरजले. "घाबरू नगंस. काय तक्रार हाय तुजी?"

शरयूनं पेपर वाचला. सगळ्यांकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून ती आरामात पाटावर बसली.

"तक्रार? आहे की! सहा वर्षांत उपमा एकदाच करपला होता. ह्यांनी तो चार वेळा छापला." चंद्राबाईंनी 'अरेरे' केलं. "आणि आबा, तुमच्या घोरण्यावर तीन लेख आहेत."

"माझ्या?" सुभेदारांची मिशी खाली आली. "मी घोरतो?"

जोशींनी छताकडे पाहिलं.

"बाकी काही नाही," शरयू हसून म्हणाली. "माणूस चांगला आहे. घराकडे लक्ष द्यायचं म्हणून त्यानं आपणहून लिहिणं सोडलंय, आणि तुम्ही सगळे मिळून त्याला घराकडे बघू देत नाही." मग तिनं आजूबाजूला पाहिलं. "मयू कुठाय?"

मयूरी नव्हती. जिन्याखाली सायकलही नव्हती.

कमरेची साडी तशीच, अवधूत अनवाणी जिना उतरला. मागून शरयू, सुभेदार, छत्री, चंद्राबाई, अख्खी वरात! "मयू! मयू!" गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

गल्लीच्या टोकाला, शाळेच्या मोकळ्या मैदानात, मुंडासं सुटलेला हरिबा सायकलच्या मागं धावत होता. "फुडं बघ बाळा! चाकाकडं न्हाई, फुडं बघ!" आणि त्याच्या हातात सायकल नव्हतीच. त्यानं ती केव्हाच सोडली होती. मयूरी एकटीच चालवत होती, वेण्या उडवत.

हरिबा धापा टाकत आला. "मोठ्या मानसांची भांडणं, म्या काय बसायचं तितं? पोरगी दारात हुभी हुती. म्हटलं, चल."

अवधूत पळत सुटला. मयूरीच्या बरोबरीनं, साडीचा पदर सावरत, पूर्ण एक फेरी.

"बाबा, तुम्ही बघताय ना?"

"बघतोय ग!" या वेळी डोळ्यांत पाणी होतं, आणि कांद्याचं नाव घ्यायला जवळ कांदा नव्हता.

सोमवारी गंगाधरपंतांनी त्याला बोलावलं. टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग. "काल दिवसभर लोक कचेरीत येऊन देऊन गेले. तू लिहीत होतास तेव्हा वर्षाला चार पत्रं यायची. अवधूत, मी म्हणतो, दर रविवारी 'सदर बंद आहे' एवढंच छापू या का?"

पुढचा रविवार उजाडला. कुणी येणार नाही याची अवधूतनं दोन दिवस आधीच खात्री करून घेतली होती. दाढी, अंघोळ करून तो नऊलाच तयार!

"चल मयू, मैदानावर!"

मयूरीनं सायकल जिन्याखालून काढली होती. सोबत दोन मैत्रिणी, त्यांच्याही सायकली. "बाबा," ती जरा समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही थोडा वेळ लिहीत बसा ना. आम्ही तिघीच जाणार आहोत."

तो स्वयंपाकघरात आला. शरयूनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सुपात शेंगा ओतल्या आणि सूप त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"फोडा," ती म्हणाली. "आणि फोडता फोडता बोला माझ्याशी. नाही सुचलं तरी चालेल."

सहा वर्षं दर रविवारी हजार शब्द लिहिणाऱ्या माणसाला पहिलं वाक्य सुचायला अर्धं सूप लागलं. ते वाक्य होतं, "आज उपमा करतेस का?"