‘टक्’ या आवाजाची चौकशी

गाडी सुरू न होणे ही कोणत्याही सुसंस्कृत घरात तासाभरात निस्तरता येण्याजोगी बाब आहे. फक्त त्या घरात इंजिनिअर नसावा. चेन्नईच्या अण्णानगरात राहणाऱ्या हेरंबच्या घरात तीन होते.

हेरंब मूळचा चिंचवडचा, मोटारींच्या कारखान्यात ‘मूळ कारण शोध विभागा’चा प्रमुख. सासरे व्यासराज तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, गिंडीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. तिसरी हेरंबची बायको नित्या. सहा वर्षं घरी बसल्यावर तिला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. गिंडीला, अकरा वाजता. कागदांची फाइल तिने आदल्या दिवशीच दाराशी आणून ठेवली होती.

पावणेदहाला हेरंबने किल्ली फिरवली. गाडी ‘टक्’ म्हणाली आणि गप्प बसली.

“मी ऑटो बघते,” नित्या म्हणाली.

“पाच मिनिटं थांब गं.” (ही पाच मिनिटं हेरंबच्या विभागातली. तिथे ती सरासरी तीन आठवडे चालतात.)

प्रथम हेडलाइट लावून किल्ली फिरवण्यात आली. दिवे मंदावले नाहीत, सबब बॅटरी निर्दोष सुटली. सुटून आलेल्याला आंघोळ घालावी म्हणून तिची टोकं गरम पाण्याने आणि सोड्याने धुण्यात आली. संशय आता स्टार्टर मोटरवर होता. सोसायटीच्या ग्रुपवर चौदा मतं आली. त्यांतली नऊ गाडी नसलेल्यांची होती आणि तीच सर्वांत ठाम होती.

नित्याचं मत होतं, स्टार्टरवर पान्याने हलकेच ठोकावं. (तीही मेकॅनिकल इंजिनिअर; परंतु तिला गाडीने कुठेतरी जायचं असल्यामुळे तिचं मत निःपक्षपाती मानता येईना.)

दहा वीसला तिने स्वतःच पाना उचलला, दोनदा ठोकला आणि म्हणाली, “आता फिरव.”

गाडी सुरू झाली. हेरंबने ती ताबडतोब बंद केली.

“अरे, काय करतोस!”

“कारण न कळता सुरू झाली तर कारण कधीच कळणार नाही.”

“कंडिप्पा!” व्यासराजांनी तमिळमध्ये ठाम दुजोरा दिला. “पुरावा जाईल की, नित्या.”

पुन्हा किल्ली फिरवली. टक्. दोघांनाही हायसं वाटलं.

नित्या नाक्यापर्यंत धावत गेली आणि मिळेल त्या ऑटोत बसली. चौकशीच्या टिपणात ‘एक सदस्य गैरहजर’ अशी नोंद झाली.

दुपारपर्यंत मोटर सुटी होऊन चादरीवर आली. संभाव्य कारणांचा तक्ता काढला गेला. (कारखान्यात तो माशाच्या काट्याच्या आकाराचा असतो. सासऱ्यांच्या सोवळ्याचा मान राखून इथे शेवग्याची शेंग काढली.)

चार वाजता नित्या परतली. हातात मैसूरपाकाचा डबा होता. दोघांनी तीन-तीन तुकडे खाल्ले. “तूप बरं आहे,” व्यासराज म्हणाले. रिकामा डबा स्क्रू ठेवायला उपयोगी पडला.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “काही विचारायचंय का मला?”

“हो,” हेरंब मान वर न करता म्हणाला. “तो छोटा पाना कुठे ठेवलास?”

हा वृत्तान्त ऐकून प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, की मोटरमध्ये बिघडलं होतं काय. कार्बनचे ब्रश झिजले होते. मैसूरपाक कशाचा, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारणार असाल, तर आधी वाचन थांबवून मान वर करा; तुमच्याही समोर कुणीतरी केव्हाचं उभं आहे.